फिरत्या चाकाला ब्रेक की ॲक्सलला लॉक?

थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली, नवी गुरखा तिच्या पाठोपाठ २०२१ मध्ये आणि पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये. तेव्हापासून कोल्हापुरात फोर-बाय-फोर गाडी घेऊ पाहणाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असतो. लॉकवाली घ्यावी, की ब्रेकवाली चालेल? एक चाक हवेत गेले किंवा चिखलात नुसतेच फिरू लागले, तर त्याच ॲक्सलवरच्या, म्हणजे त्याच जोडीतल्या, दुसऱ्या चाकाला जोर मिळवून देण्याचे दोन मार्ग आज बाजारात आहेत. पहिल्या मार्गात फिरणाऱ्या चाकाला गाडीतला संगणक आपणहून ब्रेक लावतो. दुसऱ्यात डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलवर बसून दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या, आतले गिअर जखडून टाकले जातात आणि दोन्ही चाके एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात. शोरूममध्ये विचारले, तर दोन्ही एकच काम करतात असे उत्तर मिळते. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे कुठे कोसळते, हे पाहायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही, कारण शिरोळकडचा काळा चिखल, गगनबावड्याचे तांबड्या मातीचे उतार आणि पन्हाळ्यापलीकडचा जांभ्याचा सडा हे तिन्ही नमुने इथे एका दिवसाच्या फेरीत बसतात.

हा वाद गाडीवाल्यांना नवा वाटत असला, तरी शेतकऱ्याला तो नवा नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्याच्या पायाखाली या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून असतात. उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचे आणि एक उजव्या. रस्त्यावर चालवताना ती कडीने जोडून ठेवायची आणि शेतात उतरल्यावर कडी काढायची. बांधाकडेला वळताना आतल्या बाजूचा ब्रेक दाबला, की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, आणि एखादे चाक पोकळ फिरू लागले, तर नेमका त्याच चाकाचा ब्रेक हलका दाबून दुसऱ्या चाकाला जोर देता येतो. त्याशिवाय टाचेजवळ डिफलॉकचे, म्हणजे डिफरन्शियल जखडण्याचे, वेगळे पेडल असते. गळीत हंगामात अवकाळी पाऊस पडून गेल्यावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या फडातून पाणंदीवर आणि पाणंदीवरून डांबरी रस्त्यावर काढायच्या असतात, तेव्हा चालक ब्रेकशी खेळत बसत नाही, तो टाच दाबतो. कागल तालुक्यातले माझे मामा त्याची रीत एका वाक्यात सांगतात: “चाक फिराय लागलं की लॉक दाबायचं, पण वळायच्या आदी सोडायचं, न्हाय तर हाऊसिंगचं काम निघतंय बघ.” वळायला ब्रेक आणि ओढायला लॉक, ही विभागणी त्यांना कुणी शिकवलेली नाही. ती तशीच का पडते, हे समजून घ्यायचे असेल, तर थोडे डिफरन्शियलच्या आत डोकवावे लागते.

उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये उघडलेले हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचे बाहेरचे कवच, पाहायला मिळाले, तर क्राऊन या मोठ्या गिअरला जोडलेल्या पिंजऱ्यात स्टार गिअर आणि त्यांच्या दोन बाजूंना सन गिअर बसवलेले दिसतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. स्टार गिअर स्वतःभोवती फिरून दोन्ही सन गिअरांना वेगवेगळा वेग घेऊ देतात. पण एक गोष्ट ते कधीच वेगळी देत नाहीत, आणि ती म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर. तराजूच्या दांडीसारखे वागत असल्याने दोन्ही बाजूंना ते सारखाच टॉर्क देतात. म्हणून डावे चाक हवेत गेले आणि त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागेनासा झाला, तर उजव्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य टॉर्क मिळतो. ‘सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच बरोबर नाही. ताकद कुणाकडेच जात नाही. इंजिनाला भारच सापडत नाही.

आता हवेतल्या चाकाला ब्रेक लावला, तर त्या बाजूला इंजिनाला अडवणारे काहीतरी तयार होते. समजा, चढाची पायरी ओलांडायला जमिनीवरच्या चाकाला ६०० न्यूटन मीटर टॉर्क हवा आहे. तेवढाच, म्हणजे ६०० न्यूटन मीटरचा ब्रेक हवेतल्या चाकाला लावावा लागेल, आणि डिफरन्शियलमध्ये एकूण १,२०० न्यूटन मीटर आणावे लागतील. त्यातले निम्मे गाडी पुढे नेतील आणि निम्मे ब्रेक खाऊन टाकेल. लॉक असता, तर ६०० आणले असते तरी भागले असते, कारण जखडलेल्या डिफरन्शियलमध्ये समसमान वाटणीचा नियमच उरत नाही. ज्या चाकाला पकड आहे ते लागेल तेवढे घेते. ब्रेकने खाल्लेले निम्मे कुठे जाते, याचाही हिशेब सोपा आहे. ६०० न्यूटन मीटरचा ब्रेक लावलेले चाक सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर सुमारे पावणेचार किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे विहिरीवरची पाच एचपीची मोटर पूर्ण भाराने चालू ठेवून तिची सगळी शक्ती एका ब्रेकमध्ये ओतल्यासारखे होते. दोन-चार सेकंदांसाठी ब्रेकला त्याचे काही वाटत नाही. पण चिखलाच्या लांब पट्ट्यात हेच मिनिटभर चालले, तर ब्रेक तापतो, आणि अनेक गाड्यांमध्ये संगणक ब्रेकच्या तापमानाचा अंदाज ठेवून ठरावीक मर्यादेनंतर ही सोय काही वेळ चक्क बंद करतो. नेमके तेव्हाच ती हवी असते, हा भाग वेगळा.

निम्मा टॉर्क वाया जातो हे ऐकून ब्रेकची पद्धत कुचकामी वाटेल, पण ती तशी नाही, आणि याचे श्रेय लो गिअरला, म्हणजे वेग घटवून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरला, द्यावे लागते. मॅन्युअल जिम्नीच्या इंजिनाचा टॉर्क जेमतेम १३४ न्यूटन मीटर आहे; पण पहिला गिअर, ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर पोचवणाऱ्या पेटीतला) लो आणि ॲक्सलमधला शेवटचा गिअर मिळून तो सुमारे ३६ पटींनी वाढतो. चाकांपर्यंत कागदावर साडेचार हजार न्यूटन मीटरहून अधिक पोचू शकतात, आणि त्या वेगाला गाडीला त्याचा थोडाच भाग लागतो. म्हणजे टॉर्कची चंगळ आहे. निम्मा उधळला तरी दिवाळे निघत नाही. जिम्नीला दोन्ही ॲक्सलना ब्रेकवर चालणारी सोय आहे, तिच्या नावात एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) असले तरी आत क्लचच्या प्लेटा नाहीत, आणि तरीही ती जिथे जाते तिथे जाते, याचे अर्धे गुपित या ३६ पटींत आणि उरलेले अर्धे तिच्या हलक्या वजनात व पुढच्या-मागच्या सलग ॲक्सलांत आहे. याच कारणाने मी फोर-हायमध्ये, म्हणजे लो न लावता चारही चाकांवर, चिखलात घुसणाऱ्यांना थांबवतो. ब्रेकवाल्या गाडीत फोर-लो हा शेवटचा उपाय मानू नये, तिथूनच सुरुवात करावी.

इथे त्या जुन्या युक्तीबद्दल बोलणे भाग आहे, जी प्रत्येक सहलीत कुणीतरी मोठ्या विश्वासाने सांगतो: चाक फिरू लागले, की हँडब्रेक दोन-तीन दाते ओढावा किंवा डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर द्यावा, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. साध्या, उघड्या डिफरन्शियलवर हा हिशेब बसत नाही. हँडब्रेक एका चाकाला लागत नाही, दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. तो २०० न्यूटन मीटरचा आहे असे धरू. हवेतल्या चाकाला २०० चा अडथळा मिळाला, म्हणून दुसऱ्या बाजूलाही २०० मिळाले. पण त्या दुसऱ्या चाकालाही २०० चा ब्रेक लागलेला आहेच. मिळाले ते तिथल्या तिथे खर्च झाले, जमिनीपर्यंत शून्य पोचले. ट्रॅक्टरवर हे जमते, कारण तिथे पेडल दोन आहेत. संगणकाला जमते, कारण तो प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावू शकतो. आपल्या हातातली हँडब्रेकची दांडी मात्र एकच आहे. जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये तर हँडब्रेक चाकांना नव्हताच, तो ट्रान्सफर केसच्या मागे, ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर होता. तो ओढून डाव्या-उजव्या चाकांत भेद करण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही या युक्तीने गाडी निघाल्याचे पाहणारे खोटे बोलत नाहीत. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंच्या केबलचा ताण सारखा नसतो, त्यामुळे ब्रेक असमान लागतो आणि नशीब असेल तर योग्य बाजूला जास्त लागतो. शिवाय ब्रेकमुळे चाकाचा वेग कमी होतो, खड्डा खणण्याचे थांबते आणि मंद झालेल्या टायरला मातीची पकड पुन्हा सापडू शकते. हा फायदा खरा आहे, पण तो डिफरन्शियलचा नाही, आणि तोच फायदा ॲक्सिलरेटर निम्मा सोडूनही मिळतो.

युक्ती शंभर टक्के बरोबर ठरते ती टॉर्सन प्रकारच्या डिफरन्शियलवर, आणि तिचा उगम बहुधा तिथलाच असावा असा माझा समज आहे. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीमध्ये असे डिफरन्शियल आहे. त्यातले किडा-गिअर आपापसातल्या घर्षणामुळे एका बाजूला जितका अडथळा मिळेल त्याच्या काही पट टॉर्क दुसऱ्या बाजूला देऊ शकतात. ती पट अडीच धरली, तर २०० न्यूटन मीटरच्या ब्रेकवर दुसऱ्या बाजूला ५०० मिळतात; त्या चाकाच्या स्वतःच्या ब्रेकचे २०० वजा जाऊनही ३०० जमिनीला लागतात. मात्र चाक पूर्ण हवेत असेल आणि ब्रेक लावला नसेल, तर अडीच गुणिले शून्य हे शून्यच, म्हणून हमव्हीच्या चालकाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र वापरायला मुद्दाम शिकवले जाते. त्या गाडीचे ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत आणि चाकाच्या हबमध्ये आणखी एक गिअर आहे, त्यामुळे थोड्या ब्रेकने मोठे काम होते. आपल्या अनेक ट्रॅक्टरांतही ब्रेक शेवटच्या गिअरच्या अलीकडे आणि तेलात बुडालेले असतात. चिखल त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि उष्णता तेलात जाते. गाडीच्या चाकातल्या उघड्या ब्रेकला हे दोन्ही लाभ नाहीत, आणि माझ्या मते ब्रेक-विरुद्ध-लॉक या चर्चेत हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो.

मोटार कंपन्यांनी ब्रेकची वाट का धरली, याचे कारण तांत्रिक श्रेष्ठत्वात शोधू नये. रेंज रोव्हरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मागच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल आणला. १९९७ मध्ये मर्सिडीजची एम-क्लास आली, तिच्यात तर लॉक मुळीच न देता चारही चाकांच्या ब्रेकवर भिस्त ठेवली होती. १९९८ च्या लँड रोव्हर डिस्कव्हरीने पुढच्या-मागच्या ॲक्सलांमधल्या डिफरन्शियलच्या लॉकची दांडी याच भरवशावर काढून टाकली, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि काही वर्षांनी ती दांडी परत द्यावी लागली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाके जखडू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, पंप आणि व्हॉल्व्हची पेटी हा सगळा सरंजाम गाडीत आधीच आला. साधे एबीएस चालकाने तयार केलेला दाब फक्त कमी-जास्त करते. पेडल न दाबता दाब तयार करायला आणखी काही व्हॉल्व्ह आणि प्रोग्रॅम लागतो, इतकाच फरक. जादा लोखंड नाही, जादा वजन नाही. लॉकला मात्र वेगळे डिफरन्शियल बनवून बसवावे लागते. हिशेब करणारा माणूस कोणता पर्याय निवडेल हे सांगायला नको, आणि मी त्याला दोष देत नाही.

ब्रेकवाल्या गाडीत चालकाला एक सवय मोडावी लागते. चाक आधी फिरते, सेन्सरला फरक दिसतो, मग पंप दाब तयार करतो आणि नंतर ब्रेक लागतो. या क्रमाला काही क्षण जातात आणि तेवढ्यात करकर असा आवाज व पायाखाली थरथर जाणवते. नवखा चालक हा आवाज ऐकून घाबरतो आणि ॲक्सिलरेटर सोडतो. सोडला की चाकांतला फरक मिटतो, संगणक ब्रेक सोडतो आणि गाडी मागे घरंगळते. त्याऐवजी ॲक्सिलरेटर मध्यम ठेवून जागचा हलवू नये, स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि यंत्रणेला तिचे काम करू द्यावे. अशा वेळी डाव्या पायाची हौस करणेही टाळलेले बरे, कारण अनेक नव्या गाड्यांत ब्रेक पेडल आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले, तर संगणक चालकाचा हेतू थांबण्याचा आहे असे समजून इंजिनाचा जोरच काढून घेतो. खडकाच्या पायरीवर इंच-इंच चढताना मात्र हा उशीर नडतो. चाक फिरल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि चाक फिरले की गाडी त्या पायरीवरून बाजूला सरकते. लॉक आधीच लावून ठेवला असेल, तर चाक फिरतच नाही, गाडी नुसती चढते. लॉकचे जे सुख म्हणतात ते एवढेच आहे, आणि ते मोठे आहे.

पण लॉक-लॉकांतही फरक आहे. गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे लॉक चालकाच्या हातातल्या दांड्यांनी लागतात. अडचण समोर दिसली की आधीच लावायचे, ओलांडली की काढायचे. थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलला मिळणारा यांत्रिक लॉक आपोआप लागतो. त्याच्या आत वेगावर चालणारी छोटी वजने असतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की ती उघडतात आणि लॉक पकडतो. थारच्या १८ इंची टायरचा घेर अंदाजे अडीच मीटर आहे, म्हणजे एक चाक थांबलेले असताना दुसऱ्याचा कडेचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास जावा लागतो. चिखलात हे सहज होते. खडकावर, एका चाकाखाली सुटे दगड असताना, तेवढे चाक फिरवायला छातीच लागते, आणि लॉक पकडतो तेव्हा धाडकन आवाज होऊन गाडी उडी घेते. म्हणून आपोआप लागणारा लॉकही ब्रेकसारखा घटना घडल्यावरच जागा होतो, हे लक्षात ठेवावे. जागा झाल्यावर मात्र तो तापत नाही आणि टॉर्क वाया घालवत नाही. थारमध्ये हा लॉक मागे असतो, तर पुढची चाके ब्रेकच्या भरवशावर असतात. २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरमध्ये मागे बटणावरचा इलेक्ट्रॉनिक लॉक आला, तो मला या दोन्हींपेक्षा सोयीचा वाटतो.

आता आपल्या वाटांकडे येतो. गगनबावडा, राधानगरी किंवा आंबा घाटाकडच्या तांबड्या मातीच्या वाटा पावसाळ्यात साबणासारख्या होतात आणि बहुतेक ठिकाणी त्या एका बाजूला कललेल्या असतात, कारण डोंगराच्या कुशीतून कापलेल्या असतात. अशा वाटेवर लॉक लावून जाणे मला धोक्याचे वाटते. टायरची पकड एकच असते. ती पुढे ढकलण्यात संपली, तर आडवे सरकणे अडवायला काही उरत नाही. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरू लागले, तरी दुसरे बहुधा शांत असते, आणि ते शांत चाक गाडीचा मागचा भाग वाटेवर धरून ठेवते. लॉकमध्ये दोन्ही चाके एकदम सुटतात आणि मागचा भाग उताराच्या दिशेने, म्हणजे दरीकडे किंवा चरीकडे, सरळ घसरतो. ब्रेकवाली पद्धत इथे नकळत योग्य वागते, ती फिरणाऱ्या चाकाला आवरते आणि दुसऱ्याला बेताचाच जोर देते. वळणावरही तसेच. मागे लॉक असला, की गाडी वळणात नाक सरळ ठेवू पाहते, आणि पुढचा लॉक लावून घाटवाटेचे तीव्र वळण घेणे जवळजवळ अशक्य असते.

जांभ्याच्या सड्यावर चित्र वेगळे आहे. कोरडा जांभा खरखरीत असतो, पकड भरपूर देतो, आणि अडचण येते ती खळग्यांमुळे: कर्णाच्या दोन टोकांची चाके, पुढचे डावे आणि मागचे उजवे, एकदम हलकी होतात. हा प्रसंग दोन-तीन सेकंदांचा असतो आणि उरलेल्या दोन चाकांची पकड उत्तम असते, म्हणून ब्रेकवाली गाडी तिथे छान निभावते. (मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि दाजीपूरकडचे जंगल तर अभयारण्यच आहे, तिथे रूढ रस्ता सोडून चाके घालण्याचा विषयच काढू नये. सड्यावरची मातीची पातळ कातडी एकदा फाटली की फुले पुन्हा उगवायला वर्षे जातात.) काळ्या रानात पाऊस झाल्यावर चारही चाकांची पकड सारखीच वाईट असते, आणि वाटणी करायला जिथे काही नाही तिथे वाटणाऱ्याचा उपयोग नसतो. टायरची नक्षी आणि हवेचा दाब याला तिथे लॉकपेक्षा जास्त किंमत आहे. लॉकची खरी पाळी येते ती ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदीवर, जिथे एका बाजूची चाके चाकोरीच्या रबड्यात आणि दुसऱ्या बाजूची मधल्या गवताच्या वरंब्यावर अशी गाडी लांबवर ओढावी लागते. असा पट्टा पाव किलोमीटरचा असू शकतो. ब्रेक तिथे तापून हात टेकतात.

लॉकची किंमतही सांगितली पाहिजे. उघड्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूच्या ॲक्सल शाफ्टवर एकूण टॉर्कच्या निम्म्याहून जास्त भार कधी येत नाही. लॉकमध्ये एक चाक हवेत असेल, तर सगळा भार एकाच शाफ्टवर येतो, आणि लो गिअरच्या त्या ३६ पटी आता मित्र राहत नाहीत. पुढच्या ॲक्सलला लॉक, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले आणि पायाखाली ॲक्सिलरेटर अशी स्थिती आली, की जॉइंट तुटण्याची शक्यता खूप वाढते. डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळणे तर मामांच्या हाउसिंगच्या वाक्यात आलेच आहे.

मग काय घ्यावे? ज्याची वाट मुख्यतः घाटातली, सड्यावरची आणि फार तर सुट्टीच्या दिवशीची आहे, त्याने ब्रेकवाल्या गाडीवर समाधान मानावे आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत. ज्याचे रान काळे आहे, जो आठवड्यातून चार वेळा चाकोऱ्यांतून जातो किंवा गाडीला ट्रॉली लावतो, त्याने लॉकवालीच घ्यावी, आणि शक्य असेल तर हाताने किंवा बटणाने लागणारी. फक्त लॉकसाठी वरचा प्रकार घेऊन नंतर घाटात तो कधीच न लावणारे मालकही मला माहीत आहेत. त्यांनी निदान महिन्यातून एकदा मोकळ्या रानात तो लावून-काढून पाहावा, नाहीतर जोडणी गंजून गरजेच्या वेळी हलत नाही.

काही जण ब्रेकवाल्या जिम्नीला किंवा थारला बाहेरून हवेवर चालणारा लॉक बसवून घेतात. बसवायचाच असेल, तर तो मागच्या ॲक्सलला बसवावा आणि पुढचा ॲक्सल संगणकाकडे ठेवावा. मागची दोन्ही चाके एका वेगाने फिरू लागली, की संगणकाला तिथे काही फरक दिसत नाही आणि तो मागचे ब्रेक मोकळे सोडतो; पुढे चाक फिरलेच, तर तेवढ्यापुरता तो आवरतो, आणि स्टिअरिंगही हातात राहते. वॉरंटीचे काय होणार हे मात्र हाउसिंग उघडण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

आणि ब्रेकवाल्या गाडीच्या मालकासाठी एक घरगुती काम आहे. जिम्नीला काय किंवा तीन दारांच्या थारला काय, मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि चिखलातून फिरून आल्यावर त्या ड्रमच्या आत बारीक माती साठून राहते. ट्रॅक्शनसाठी ब्रेक सतत वापरला गेला असेल, तर हीच माती लायनिंग आणि ड्रम दोन्ही घासून खाते. धुण्याच्या पंपाने बाहेरून पाणी मारून ती निघत नाही. ड्रम उतरवून आतून साफ करावा लागतो, आणि पावसाळा संपता-संपता एकदा लायनिंगची जाडी पाहून घ्यावी लागते. सर्व्हिस सेंटरच्या ठरलेल्या यादीत हे काम या वेळेला येईलच असे नाही, म्हणून गाडी देताना ते तोंडाने सांगावे आणि शक्य असेल तर ड्रम उतरेपर्यंत तिथेच थांबावे.